बेटावरचं बेट

तक्रार मीच केली होती. लेखी, निळ्या शाईत:
शेजारी एबे क्लिटगोर यांनी कुंपणालगत बांबू लावला आहे.
तो जमिनीखालून येईल, माझ्या अंगणातल्या फरशा उचलेल,
कृपया बंदोबस्त व्हावा. खाली सही, रॅग्नहिल्ड.
मार्स्टलच्या फेरीबोटीवर सत्तावीस वर्षं तिकिटं फाडली मी;
कोण कुठवर जाणार, हे मला चेहऱ्यावरूनच कळायचं.

एबे भांडायला आला नाही.
रविवारी त्यानं कुंपणाच्या कडेनं हातभर खोल चर खणला
आणि हाक मारली, ये, बघ.
मुळं होती, महिनाभर न विंचरलेल्या केसांसारखी,
पण पळालेलं एकही नव्हतं.
"पळणारी जात वेगळी," तो म्हणाला.
"ही बैठी. वर्षाला चार बोटं सरकते,
तीही आपल्याच अंगाला धरून."
मी म्हटलं, बरं.
तक्रार मात्र मागे घेतली नाही.

मग खिडकीतून पाहत राहिले,
भांडी विसळताना दुसरं करायचं काय.
वसंतात तो मोजून तीन-चार जुनी कांडी काढायचा,
पिवळी पडलेली, अगदी बुंध्याशी,
म्हणायचा, मध्ये उजेड शिरला पाहिजे.
खाली पडलेली पानं त्यानं कधी झाडली नाहीत.
"त्याचीच आहेत, त्यालाच परत जाऊ देत."
मे महिन्यात कोंब वर आले
की कुत्रा बांधलेला.

जानेवारीत पूर्वेचा वारा सुटला
आणि पानांनी स्वतःला गुंडाळून घेतलं, विडीसारखं बारीक.
मला वाटलं, मेला. थोडं बरंही वाटलं.
एबे गोठलेल्या नळावर किटलीतलं कढत पाणी ओतत होता:
"थंडीनं नाही मरत हा. तहानेनं मरतो.
जमीन गोठली की प्यायला काही उरत नाही."
बर्फ वितळलं त्या दुपारी
सगळी पानं उघडली होती,
जसं काही झालंच नव्हतं.

नवव्या वर्षी मीच म्हणाले, मला एक तुकडा दे.
फावडं वाकलं, कुऱ्हाड उडाली,
शेवटी लाकडाची करवत लावली मुळांच्या गड्ड्याला,
एका टोकाला तो, एका टोकाला मी,
माझा चष्मा घामानं सारखा नाकावरून घसरत होता.
ढकलगाडीत मावला नाही. ओढतच आणला.

पाण्यानं चहूकडून तोडलेली जमीन, ते बेट.
एकमेकांना धरून उभी राहिलेली कांडी, तेही बेटच.
जन्म पहिल्यात काढला.
दुसरं खिडकीसमोर होतं.

मग एका वसंतात फुलोरा आला.
फुलं कसली, तांबूस कोंडा नुसता.
त्याच्याकडं आणि माझ्याकडं, एकाच आठवड्यात.
ओडेन्सेहून त्याच्या बहिणीचा फोन, तिच्याही दारात.
एकच रोप होतं ते, तुकडे करून वाटलेलं;
वय कुणालाच तोडता आलं नव्हतं.
फुलायचं आणि संपायचं, एवढंच त्याला ठाऊक.

उन्हाळ्यात पानं गळाली, कांडी पांढरी पडली.
"काढून टाकूया?"
"थांब," एबे म्हणाला, "सावली पडते आहे अजून."
ती कुणासाठी, हे पुढल्या मे महिन्यात कळलं:
पाचोळ्यातून दुर्वांएवढं काहीतरी, हिरवं.
अकरा मी तण समजून उपटली.
बाराव्याच्या मुळाशी बी चिकटलेलं दिसलं.

आता एबेला वाकवत नाही.
खुर्चीत बसून तो बोट दाखवतो,
मी दह्याच्या रिकाम्या डब्यांत एकेक रोप लावते.
प्रत्येकाचं पान वेगळं, एकाचा देठ जरा तांबडा.
ही फुलतील तेव्हा, मी म्हटलं, आपण कुणीच नसू.
"नसू," तो म्हणाला.
"पाणी घाल."