काळजातली गाठ

राजारामपुरीत, सोनोग्राफीच्या टेबलावर
आण्णांच्या पोटावर थंड जेल.
पडद्यावर डाग, तीन सेंटिमीटर.

वर्णेबाई डॉक्टर म्हणाल्या, यकृतात आहे.
कडा नीट दिसतायत, तरी सीटी करू.
साधी गाठ आपल्या हद्दीत राहते,
दुसरी हद्द मानत नाही.

यकृत म्हणजे काळीजच की, आण्णा म्हणाले,
मटणवाल्याकडं मागतो ते.

चाळीस वर्षं बोटांनी चामडं वाचलंय त्यांनी:
गोचिडाचा वण जागच्या जागी, चालतो;
बुरशी सुटली की अख्खं कातडं जातं.

रिपोर्ट आला. साधीच.
सहा महिन्यांनी परत दाखवा.

फाईल कापशी जोडाच्या खोक्यात गेली.
त्या दुपारी वादीला गाठ मारली
की आण्णा तिच्यावरून
अंगठा फिरवायचे,
पुन्हा एकदा फिरवायचे.