सखाहरींचं नाव उलटं करताना

काम तसं दोन ओळींचं होतं.
विम्याच्या यादीत एक्केचाळीस हजार नावं,
कुणी बापाचं आधी लिहिलेलं, कुणी नवऱ्याचं, कुणी नुसतंच 'सौ.',
आणि साहेबांना हवा होता प्रत्येकातला शेवटचा शब्द.
त्याला आमच्या भाषेत सोपी वाट आहे :
ओळ उलटी कर,
पहिला शब्द उचल,
तो पुन्हा उलटा कर.

खराडीत, नवव्या मजल्यावर, मी ते चालवलं
आणि रकानाभर काहीच आलं नाही.
एक्केचाळीस हजार वेळा कोरं.

तासाभरानं कळलं :
प्रत्येक नावाला साठ घरं दिलेली.
नाव संपतं, घरं संपत नाहीत,
उरलेल्यांत मोकळी जागा गुपचूप बसून असते.
उलटवल्यावर तीच पुढे आली,
वाढपी भलत्याच टोकानं निघाला
की पंगतीत शेवटी बसलेला पहिला ठरतो, तशी.
मी ती छाटली. इंग्रजी नावं सुतासारखी सरळ आली.
मग मराठी.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन खालच्या मजल्यावर गेले,
सखाहरी झेंड्यांकडे.
नारायण पेठेतल्या छापखान्यात एकतीस वर्षं जुळारी.
उलटी अक्षरं वाचण्यात त्यांचा हात धरणारा
अख्ख्या पेठेत झाला नाही,
असं तेच सांगतात.
"माझं घाल," म्हणाले. घातलं.

◌ीरहाखस

"राक्षस केलास की गं माझा!"
हसताना कवळी सांभाळली, मग चष्मा कपाळावर
आणि नाक पडद्याला.
"ही वेलांटी कुणाची? टिंबांच्या गोलावर का बसलीय?"
तुमच्याच 'री'ची, म्हटलं. दुसरी.
यंत्र अक्षर वेगळं मोजतं, वेलांटी वेगळी.
उलटताना ती पुढे निघून आली, र मागे राहिला.
टेकायला अक्षर नाही,
म्हणून तिला तो गोल देतात.

"काना आमच्याकडेही वेगळाच असायचा," ते म्हणाले,
"काना, मात्रा, रफार, ज्याचं त्याचं घर.
पण आम्ही उलटं जुळवायचो
ते कागदावर सुलट उमटावं म्हणून.
तुम्ही कशाला?"

शेवट लवकर सापडावा म्हणून, असं उत्तर होतं.
मी ते दिलं नाही.

"सुप्रभा घाल."

सु चा उकार प ला गेला.
प च्या पायाशी तिरका लगटलेला र
उठून त्याच्याच डोक्यावर रफार होऊन बसला.
भा चा काना सगळ्यात पुढे, गोलावर, एकटा.

◌ाभर्पुस

त्यांनी रफारावर बोट ठेवलं. "बघ. वर चढला."
सुप्रभाकाकूंना मी पाहिलेलं नाही,
दारावरच्या पाटीत दुसरं नाव अजून त्यांचं आहे.
"आता परत उलटं कर."
केलं.
सुप्रभा.
"हं. जागच्या जागी," म्हणाले,
आणि चहा गाळायला उठले, गाळणं कुठे ठेवलंय ते विसरून.

रात्री वर येऊन मी पुणे घालून पाहिलं : ◌ेणुप.
पुणे तिथे काय उणे?
एक अक्षर. समोर दिसत होतं.
मग नव्यानं लिहिलं :
अक्षर उचलायचं ते त्याच्या सगळ्या सामानासकट,
काना, मात्रा, अनुस्वार, पायातलं, डोक्यावरचं,
कुणालाही मागे न ठेवता,
आणि मगच फिरवायचं.
णेपु. अर्थ नाही, पण तोंडात बसतं.
दोन ओळींचं काम एकोणीस ओळींवर गेलं.

सकाळी साहेबांचा निरोप :
मराठी रकाना सोडून द्या, इंग्रजीचाच लागणार आहे.

सोडला.
त्या एकोणीस ओळी मात्र पुसल्या नाहीत.
फंक्शनला नाव द्यावं लागतं, मी जुळारी दिलंय.
ते कुणी बोलावत नाही अजून.