उंदराचा पुठ्ठा

दोरीवरून स्वेटर पडला तो नेमका
उंदरासाठी मांडलेल्या चिकट पुठ्ठ्यावर.
उंदीर कधीच निसटला होता,
दोन केस मागं ठेवून.

डिसेंबर, मानवत, सकाळचे सहा.
शाळेला घालायला दुसरं काही नाही.

शेजारची रिझवाना म्हणाली, घासलेट लाव.
घासलेट आता मिळतं कुठं, मायबाई?
भावजयीनं फोनवर सांगितलं, बर्फ.
बर्फानं डिंक ताठ झाला,
नखानं खरवडायला गेले
तर लोकरीचा टाकाच वर आला
सुरवंटासारखा पाठ उचलून.

मग करडीचं तेल.
कापसाचा बोळा, थेंब थेंब, आधी उलट्या बाजूनं.
ओढायचं नाही. मुरू द्यायचं.
बोटं फिरवत राहायचं, जणू तान्ह्याची टाळू.
(एवढी सबुरी मी माणसांशी दाखवली असती
तर दोघी-तिघी अजून बोलत असत्या माझ्याशी.)

काखेखाली एक टाका उलटा पडलेला.
भावजय विणताना चुकली असणार,
जिंतूरच्या स्टँडवर, बसची वाट बघत.
सात हिवाळे अंगावर वागवला
आणि कळलं आज, तेलकट बोटाला.
तिला सांगणार नाही.

रिठ्याच्या पाण्यात दोनदा बुडवला,
पिळला नाही, टॉवेलात गुंडाळून दाबला,
इस्त्रीच्या वाफेवर धरला, तरी ओलसरच.
तसाच घातला.
डिंक गेला. वास राहिला.

तिसरीच्या वर्गात पहिल्या बाकावरचा कैवल्य
नाक वर करून म्हणतो,
बाई, सकाळी सकाळी भजे केले का?