पोटखराबा

सातबारा तलाठी लिहितो,
पण जमिनीचं पोट कुठं खराब आहे
ते दाखवतो मी, भूकरमापक.
एकोणतीस वर्षं. साखळीपासून रोव्हरपर्यंत.
खडक, ओढा, दलदल, लव्हाळा:
नांगर जिथं थांबला तिथं रेघ मारायची
आणि पुढं लिहायचं, पोटखराबा.
आकार शून्य.

आज हवेली तालुका, मुळामुठेचा काठ,
गट नंबर तीनशे बारा.
खातेदार द्रौपदा यमाजी कुंजीर.
वर ऊस. खाली सत्तावीस आर नुसता चिखल,
जलपर्णी, पुण्यानं आंघोळ करून सोडलेला फेस,
आणि त्या फेसात लांब लाल पायांचे शेकाटे
मोजणीला आल्यासारखे
जपून पावलं टाकत.

नवी योजना आहे.
सरकार जमीन घेत नाही, भाडं देत नाही;
फक्त भराव टाकायचा हक्क विकत घेतं
आणि वापरत नाही.
हे मी द्रौपदाबाईंना तीनदा समजावलं.
चौथ्यांदा त्यांनीच मला समजावलं:
"म्हंजे झाड माझं, चिंचा माझ्या,
फक्त कुऱ्हाड तुमच्या कपाटात."

धाकटा दीर रोहिदास बांधावर उभा, कानाला मोबाइल.
त्याचा हिशेब वेगळा:
कोथरूडच्या पाडलेल्या सोसायट्यांचा राडारोडा,
रात्री दोननंतरचे ट्रक,
टाकू दिला म्हणून ट्रकमागं पैसे वर.
मग मुरूम, मग प्लॉटिंग, मग कमान.
"वहिनी, ह्यांचा चेक म्हंजे
गुंठ्याला चहा-बिस्किट."
खोटं बोलत नाही तो. आकडे मी पाहिलेत.

बाई उसाकडं बघत म्हणाल्या,
"मोठ्या पुरात खालच्या आळीचा ऊस झोपला, आपला नाही.
पाण्याला बसायला जागा ठेवली
की ते अंगावर येत नाही."
एवढंच. पाखरांबद्दल एक शब्द नाही.

रोव्हरचा दांडा टेकवावा तर बुडतो.
काठ सकाळी एक,
धरणातून पाणी सुटलं की दुपारी दुसरा.
शेवटी लव्हाळ्याला विचारून खुंट्या ठोकल्या.
सातवी तिरकी झाली.
तिच्यावर लगेच खंड्या येऊन बसला,
तेव्हा ती सरळ करायची राहिली.
नकाशात ती सरळच आहे.

कचेरीत 'इतर हक्क' भरताना अडलं.
मुदत: कायम.
संगणक कायम घेईना. तारीख टाका म्हणे.
शबनम बागवाननं टेबलावर बोटं वाजवली,
आणि टाकली: एकतीस, बारा, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.
मशिननं मुकाट मान्य केलं.
मी फोनवर तारीख वाचून दाखवली.
पलीकडं बराच वेळ शांतता.
मग द्रौपदाबाई:
"तवर कारखान्याचं मागलं बिल
निघंल न्हवं?"

मी राहतो त्या सोसायटीचं नाव जलतरंग.
गट जुना, एकशे चार.
त्यात अठरा आर पोटखराबा होता.
मोजणी माझी, सही माझी,
वीस वर्षांपूर्वीची, हिरव्या शाईची.
पुढं भराव पडला, मोजणी पुन्हा झाली,
पोट बरं झालं म्हणून कागदावर आलं,
आणि मला तिथंच दुसऱ्या मजल्यावर
दोन खोल्या परवडल्या.

दर ऑगस्टात एखाद्या रात्री
खालच्या पार्किंगमध्ये गुडघाभर चढतं.
वॉचमन बेल वाजवत फिरतो,
"साहेब, पाणी घुसलं, पाणी घुसलं."
मला त्याचा शब्द दुरुस्त करावासा वाटतो.
पण मी एका हातानं पायजमा वर धरतो
आणि दुसऱ्या हातानं
स्कूटर ढकलत राहतो.