रिकामा ठोका

डबा केवढा, तर पोह्यांच्या बशीएवढा.
चार खुंट्या, बोटभर पडदा,
पंचवीस पट्ट्या, त्यातली वरच्या गंधाराची मुकी.
शालिमारच्या फिरोजने दिला साडेसहा हजारांना,
म्हणाला, आत काही नाही ताई,
आवाज तुमचे तुम्ही भरा.

म्हणजे रिकामं भांडंच.
नाशकात, तांबट आळीत जन्म काढलेल्या बाईला
रिकामं भांडं विकतोय हा.

मग रात्री दुकानाचं शटर ओढून
फुकटचे आवाज शोधत बसले.
आई पलंगावरून म्हणाली, फुकट ते हिणकस.
पहिला भरला तर पडदा काळा.
दुसऱ्याला वेगळीच चिप हवी.
तिसरा वाजला, पण इतका सावकाश
की पट्टी दाबून चहाचं आधण ठेवून यावं.
अकरावा खरंच गोड होता.
त्याच्या कर्त्याने सात वर्षांपूर्वी लिहिलं होतं,
वेळ मिळाला की राहिलेलं दुरुस्त करतो.
मिळाला नसावा.

सतरावा.
नाव असं, की जीभ वळेना.
सोबत परवाना:
घे. उघडून बघ. मोड. वाटलं तर वीक.
फक्त पुढे देशील ते झाकून देऊ नकोस.
पैसे कुठे मागितलेत का, दोनदा पाहिलं.

आमच्या डब्यासाठी तो नव्याने घडवावा लागणार होता.
तीनशे चुका, लाल अक्षरांत.
मग चाळीस.
मग एक.
संशय आला त्या ओळीवर कर्त्याचाच शेरा होता:
ही ओळ काहीच करत नाही.
काढली तर आवाज फाटतो.
का, ते मला माहीत नाही. राहू द्या.

हसले. मग हसू अर्ध्यावरच राहिलं.

अण्णा घागर ठोकायचे तेव्हा
पाच ठोके तांब्यावर
आणि सहावा नुसत्या ऐरणीवर.
मी विचारायचे, हा वाया कशाला?
काय माहीत, म्हणायचे.
आमचे वडील मारायचे. गाळला की हात चुकतो.

ओळ राहू दिली.
चूक भलतीकडेच निघाली, एका राहून गेलेल्या अर्धविरामात.

पहाटे साडेतीनला डबा बोलला.
घागरीसारखा नाही, खोटं कशाला सांगू.
ओट्यावरून परात निसटावी,
गरगरत राहावी,
आणि कुणी तिच्यावर हात ठेवूच नये, तसा.
मी पुन्हा दाबलं. पुन्हा.
समोर खिडकी उघडली.
तुळसाकाकू, डोक्याला रुमाल बांधलेल्या:
कोण गं ठोकतंय? कुणाचं दुकान उघडलं?

आळीत शेवटचा हातोडा थांबून
नऊ वर्षं झाली असतील.
आम्ही स्टील विकतो, वजनावर.

सकाळी तो अर्धविराम
त्या अनोळखी माणसाला पाठवून दिला.
दुपारी फिरोज आला, चार्जर द्यायला.
ती गंधाराची पट्टी बसवून देतो म्हणाला, दीडशे रुपयांत.

नको म्हटलं.