गुरुवारी, चार वाजता

पोस्टरवर त्यांचं नाव चुकलंय.
क्वेसनचं केसन झालंय.
निळं पेन घेऊन मी दुरुस्त करत फिरतोय,
ग्रंथालय, खानावळ, मुलींच्या वसतिगृहाचं फाटक.
अकरा झाली. बारावं वाऱ्यानं उपटून नेलं
थेट समुद्राकडे.
जाऊ दे, तिकडे त्यांना ओळखणारे जास्त आहेत.

"कोण ह्या?" फीफी विचारतो,
माझा मदतनीस, वय एकोणीस,
जगाच्या बातम्या अंगठ्यानं वर ढकलणारा.

काय सांगू त्याला?
की मंगळवारी आमच्या केप कोस्टच्या होड्या वाळूवरच असत,
तो वार समुद्राचा,
आणि बाप जाळं सांधत बसायचा.
पत्र्यावर उन्हात टाकलेल्या बॅटऱ्या
रेडिओच्या पोटात भरायचा,
वर दोन थापट्या, पेंगणाऱ्या पोराला मारतात तशा.
मग सात वाजता
"मी अराबा क्वेसन. आजच्या बातम्या."
आवाजात लाडीगोडी नाही, घाईही नाही.
मासा साफ करावा तसं वाक्य,
काटा वेगळा, मांस वेगळं,
खायचं ते तुम्ही ठरवा.

अशाच एका मंगळवारी बातम्या मध्येच थांबल्या.
केंद्रात शिपाई घुसल्याचं मागाहून कळलं.
ऐकू आलं ते इतकंच:
एक दार.
खुर्चीचा पाय फरशीवर.
मग काहीच नाही.
बापाची सुई हवेत.
काहीच नाही.
आणि मग त्याच पट्टीत, त्याच चालीत
कोकोचा आजचा भाव.

बाप म्हणायचा, एका श्वासाइतकं होतं ते.
आई म्हणायची, छे,
तेवढ्यात माझे मासे करपले.

प्रश्न आधी लिहून द्या, असं विभागाचं फर्मान आहे.
केबलच्या चिठ्ठीमागे मी लिहिला,
"तेव्हा तुमची नजर कशावर होती?"
मग खोडला.
मी ध्वनीवाला. माझं काम त्यांचं ऐकू जाईल हे बघणं.
मग पुन्हा लिहिला, बारीक अक्षरात,
आता तो शर्टाच्या खिशात आहे,
घामानं शाई फुटली नाही तर राहील.

सभागृहात तीनशे खुर्च्या.
चौथा पंखा कुरकुरत होता, त्याला तेल दिलं.
पाण्याचा पेला माइकपासून वीतभर लांब ठेवला,
म्हाताऱ्या माणसांचे हात कापतात,
त्यांचे कापत असतील असं नाही.

फीफी शेवटच्या रांगेत जाऊन बसलाय.
मी माइक सुरू केला.
एरवी वन, टू म्हणतो.
आज नुसता उभा राहिलो.
मीटरचा काटा जागच्या जागी हलत होता,
पंख्यानं, की खालच्या लाटांनी, की माझ्याच छातीनं.

"काहीच येत नाहीये," फीफी ओरडला, "बोल की!"

थांब, म्हटलं.
थोडं अजून.