पान चौदा

कुपवाडच्या शेडमध्ये आम्ही चंद्र बांधला,
पत्र्याचा, घुमटासारखा,
आत दोन खोल्या, मधे गोल झडप,
झडपेचा उंबरा गुडघ्याएवढा.
हवा शुद्ध करणारं यंत्र बाराशे किलोचं.
छताच्या रुळावर कप्पी,
कप्पीच्या दुसऱ्या टोकाला
मार्केट यार्डातून आणलेली हळदीची वीस पोती.
सहातले पाच भाग त्यांनी पेलायचे,
एक भाग माणसांनी.
दोन दिवसांत चंद्राला हळदीचा वास लागला.

माझं काम लिहिण्याचं.
कुणी कुठे उभं राहायचं, दोरी किती जाडीची,
हातमोजे कोणते.
पान चौदा: जड यंत्र आतल्या आत हलवणे.

दस्तगीर मुल्ला, हेवी शिफ्टिंग, मिरज.
कार्डावर क्रेनचं चित्र,
क्रेन नव्हती, चौघे होते आणि पहारी.
मामांनी यंत्राला तळहात लावला,
बाजारात म्हशीच्या पाठीला लावतात तसा,
आणि बराच वेळ काढला नाही.

रायगोंडाला दम नव्हता.
एका हातानं ढकललं, सरकलं.
"आयला, कापूस हाय!"
आणि मग ते
सरकतच
राहिलं.
तो आडवा झाला, पाय रोवले,
पाय फरशीवरून त्याच्यासकट गेले.
झडपेची कड बशीसारखी चेपली.
करंगळी वाचली, नख गेलं.

मामा ओरडले नाहीत.
"वजन काढलंसा तुम्ही, बाई.
जडपणा हाय तिथंच हाय."

मी पुस्तकातला शब्द सांगणार होते,
तेवढ्यात ते हरिपूरला पोचले.
"भरली होडी पाण्यात पोरगंबी ढकलतंय.
पर होडी आन् घाटाच्या मधी
पाय घालून बघा एकदा."

त्यांचा बाप हळदीच्या पेवात उतरायचा.
आधी कंदील जायचा खाली.
कंदील विझला तर त्या दिवशी सुट्टी, पगार नाही.
जळत राहिला तर बाप.
वरून दोरीनं पोतं सुटायचं,
आणि तळातून आवाज यायचा, टेकलं.
तो येईस्तोवर वरच्यानं
नाक खाजवायलासुद्धा हात सोडायचा नाही.
"वढायच्या हाका पन्नास हायत.
थांबायची ही एकच."

दुसऱ्या दिवशी ढकलणारा एक, दोन बोटांनी.
अडवणारे तीन, मागे, दोऱ्या कमरेला.
रायगोंडा सगळ्यात मागे,
बोटाला चिंधी, तोंडाला कुलूप.
अकरा फुटांना सव्वा तास लागला.
चहावर साय धरली.
उंबऱ्यापलीकडून मामांचा आवाज आला
आणि तिघांनी एकदम श्वास सोडला.
मीही. मी तर नुसतं पेन धरलं होतं.

पान चौदा आता असं सुरू होतं:
हलवण्याआधी, कुठे थांबणार ते ठरवा.
खाली, चौकटीत, टेकलं.
वरच्या कचेरीतून विचारणा आली,
हे कशाचं लघुरूप आहे?
अजून उत्तर दिलेलं नाही.

निघताना मामा पहार खांद्यावर घेत म्हणाले,
"तिथं कंदील जळत नसंल."
नाही, म्हटलं, यंत्रं असतात, आकडे दाखवतात.
"आन् आकडे बघाय आधी कोण जातंय?"

पोती संध्याकाळी टेम्पोतून सांगलीला गेली.
यार्डातल्या काट्यावर
पन्नासची पन्नास भरली.